शेषाला मिळालेला वर

"बाबा, झोपलीय एकदाची. आता हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही," लेकीने दारात उभी राहून बजावले. "आणि कुणी आलंच, तर वाद घालायचा नाही."

"वाद मी घालत नसतो," प्राध्यापक म्हणाले, "मी फक्त समोरच्याचं..."

त्यांच्या छातीवर पालथ्या झोपलेल्या नातीने कपाळाला आठी घातली, खालचा ओठ पुढे काढला आणि रडण्याची पूर्वतयारी म्हणून एक दीर्घ श्वास घेतला. लेकीने कळवळून हात जोडले. प्राध्यापकांनी उरलेले वाक्य गिळले. नात निवली, मात्र निवता निवता तिने आजोबांच्या ओठाचा डावा कोपरा मुठीत पकडला आणि तो तसाच धरून ती पुन्हा झोपेत बुडाली. तिला दात येत होते. कित्येक रात्री घरात कोणाच्याच डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि लेक तर आता भिंतीच्या आधाराने चालत होती. ती आतल्या खोलीत गेली, खाट करकरली, आणि मग काहीच ऐकू आले नाही.

प्राध्यापकांचा आवाज खर्जातला होता. तो घशातून न निघता थेट छातीतून निघे, आणि आज त्याच छातीवर नातीचे अंथरूण होते. कुजबुजले तरी अंथरूण थरथरे. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ दिले नव्हते, त्याच्यावर मौनाचा असा प्रसंग गुदरला होता. कॉलेजातील विद्यार्थी त्यांना ‘खंडनपंडित’ म्हणत. हे नाव प्रथम कानावर आले, तेव्हा प्राध्यापकांनी त्याचेही सविस्तर खंडन केले होते.

आरामखुर्चीच्या पायाशी, जमिनीवर, त्यांच्या ताज्या खंडनाचे कागद पसरले होते. वाद जुना होता आणि तो शेषनागाविषयी होता. भांडखोर भावंडांना विटून शेष घराबाहेर पडला आणि त्याने घोर तप केले. ब्रह्मदेव प्रसन्न झाले. शेषाने मागितले ते एवढेच, की माझे मन स्थिर राहो. ब्रह्मदेव ‘तथास्तु’ म्हणाले आणि त्यांनी डळमळणारी पृथ्वी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. प्राध्यापकांचे म्हणणे असे, की शांती मागणाऱ्याच्या माथी ओझे मारणे हा उघड अन्याय होय. वर निराळा आणि कामगिरी निराळी. त्यांच्याच कॉलेजातून निवृत्त झालेल्या ग्रंथपालांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. ते त्यांनी एका त्रैमासिकाकडे लेखरूपाने धाडले होते, आणि संपादकांनी प्राध्यापकांकडून उत्तर मागवले होते. उत्तराची एक प्रत संपादकांकडे पोहोचलीही होती. चार वाजता त्यांचा फोन येणार होता. प्राध्यापकांनी ‘छापा’ म्हणायचे, की उत्तर छापायला जाणार. न म्हटल्यास ग्रंथपालांचा लेख एकटाच छापला जाणार आणि या वादातला शेवटचा शब्द ग्रंथपालांचा ठरणार. या कल्पनेनेच प्राध्यापकांचे जेवण गेले होते.

फोन टेबलावर होता. टेबल हाताच्या टप्प्यात नव्हते.

एवढ्यात लोटलेले दार हळूच उघडले आणि दारात साक्षात ग्रंथपाल उभे राहिले.

ग्रंथपालांनी नात पाहिली, मूठ पाहिली, प्राध्यापकांचे वाकडे झालेले तोंड पाहिले आणि सारे ओळखले. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. सारी हयात वाचनालयात शांतता राखण्यात गेल्यामुळे त्यांची कुजबुज इतकी कसलेली होती, की ती ज्याच्यासाठी असे त्याच्याच कानी पडे.

"तुमचं उत्तर येतंय, असं संपादक म्हणाले," खुर्ची न सरकवता तिच्यावर बसत ते कुजबुजले. "म्हटलं, छापून आल्यावर वाचण्यापेक्षा तोंडावरच ऐकून यावं. नाहीतरी घरी माझ्याशी आता भांडणार कोण?"

प्राध्यापकांनी डोळे वटारले.

"बोलू नका सर, ती उठेल. मीच बोलतो. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी माझ्या मुद्द्याच्या शेवटापर्यंत जाऊच दिलं नाहीत. हे बघा, पृथ्वी डळमळत होती, बरोबर? आणि शेषाचं मनही. मन स्थिर कर म्हणून ते कुणाचं होतं का? तुमचं झालंय कधी?"

प्राध्यापकांना या एका विधानावर तीन आक्षेप सुचले. त्यांनी नकारार्थी मान हलवण्याचा प्रयत्न केला. हनुवटी नातीच्या जावळाला लागली आणि ती कुरकुरली. मान जागच्या जागी थिजली.

"म्हणजे एवढं मान्य आहे तर," ग्रंथपाल समाधानाने म्हणाले. "मग ब्रह्मदेवांनी काय केलं? मनाला हातच लावला नाही. डोक्यावर असं काही ठेवलं, की हलायची सोयच उरली नाही. ओझं म्हणू नका त्याला. तोच वर होता."

प्राध्यापकांचे खंडन तयार होते, दृष्टान्त तयार होते, एक उपरोधिक प्रश्न तर जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. परंतु जिभेच्या शेजारीच नातीची मूठ होती.

याच वेळी न्हाणीघरातून एक निराळा आवाज येऊ लागला. बाहेर जाताना बायकोने सांगितले होते, "अहो, बादली भरली की नळ तेवढा बंद करा," आणि प्राध्यापकांनी लिहिता लिहिता ‘हो’ म्हटले होते. बादली केव्हाच भरली होती. आता पाण्याची एक पातळ जीभ उंबरा ओलांडून फरशीवरून त्यांच्या कागदांच्या दिशेने निघाली होती. प्राध्यापकांनी डोळ्यांनी पाण्याकडे खूण केली, मग कागदांकडे, मग पुन्हा पाण्याकडे. धडपडीने त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सुचलं तेव्हा," ग्रंथपाल गहिवरले. मग त्यांचे मोजे ओले झाले.

ते झटक्यात उठले आणि नळ बंद करून आले. वाकून त्यांनी कागद उचलले, कडा पुसल्या आणि पाने जुळवली. आणि हातात आलेला कागद न वाचता खाली ठेवणे त्यांच्या स्वभावातच नसल्यामुळे ते वाचू लागले.

प्राध्यापकांनी डोळे मिटले. पहिल्याच पानावर काय आहे, ते त्यांना पाठ होते. ‘ग्रंथपालांनी जन्मभर ग्रंथांच्या पाठी पुसल्या, पोटात काय आहे, हे पाहण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.’ या वाक्यावर त्यांनी एक अख्खी सकाळ खर्च केली होती आणि ते साधल्यावर स्वतःलाच टाळी दिली होती.

कागद सरसरला. मग कुजबुज आली.

"वाक्य घोटीव झालंय, सर. लागतं."

ग्रंथपालांनी कागद उंच फडताळावर, कोरड्या जागी, नीट रचून ठेवले. प्राध्यापकांना म्हणायचे होते, की तो रोख व्यक्तीवर नसून मतावर आहे. हे ते नेहमी म्हणत. आज म्हणता येईना. आणि मनातल्या मनात म्हणून पाहिले, तर ते त्यांना स्वतःलाच पटेना. करण्यासारखे काहीच नव्हते. नातीचा श्वास त्यांच्या गळ्याशी येत होता आणि जात होता. ते तो ऐकत राहिले. काही वेळाने त्यांच्या ध्यानात आले, की बराच वेळ आपल्याला एकही आक्षेप सुचलेला नाही.

टेबलावर फोन थरथरू लागला. चार वाजले होते.

ग्रंथपालांनी फोन उचलला. विचारले जाईल तेवढेच आणि अचूक सांगण्याची त्यांची जुनी सवय होती.

"हो, मीच बोलतोय... इथेच आहेत, समोर. नाही, बोलता येत नाही त्यांना."

"बोलता येत नाही?" संपादकांचा आवाज त्या शांत खोलीत स्पष्ट ऐकू आला. "भांडलात का?"

"छे. मी माझा मुद्दा मांडला. त्यांनी ऐकून घेतला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"हे काही चांगलं लक्षण नाही," संपादक म्हणाले. "त्यांना विचारा, उत्तर छापू का? मान डोलावली तरी पुरे."

"सर, छापू का म्हणताहेत," ग्रंथपाल प्रामाणिकपणे कुजबुजले. "हो म्हणायचं असेल तर उजव्या हाताचं बोट हलवा. बोटानं ती उठायची नाही."

शेवटचा शब्द एका होकाराइतका जवळ आला होता. प्राध्यापकांनी फडताळावरच्या कागदांकडे पाहिले, मग ग्रंथपालांच्या ओल्या मोज्यांकडे. ते हलले नाहीत.

"हलत नाहीत," ग्रंथपालांनी कळवले.

"हलत नाहीत? तोंड कसं आहे?"

"तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. डावीकडे."

"आणि हात?"

ग्रंथपालांनी निरखून पाहिले. नातीला सावरून सावरून प्राध्यापकांचा डावा हात केव्हाच बधिर झाला होता. "डावा लुळा पडलाय, असं वाटतं."

"अरे देवा! तुम्ही तिथंच थांबा, मी वहिनींना कळवतो!" एवढे बोलून संपादकांनी फोन ठेवला.

"कसली घाई असते या लोकांना," ग्रंथपाल म्हणाले. मग त्यांची नजर त्या हातावर स्थिरावली. "सर, हिला थोडा वेळ माझ्याकडे द्या."

जीर्ण पोथी उचलावी, तसे दोन्ही तळवे खाली घालून त्यांनी नातीला अलगद उचलले. मूठ ओठावरून सुटली आणि वाटेत ग्रंथपालांच्या कानाला जाऊन बिलगली. झोप मोडली नाही. आता ग्रंथपालांना मान हलवता येईना, कुजबुजताही येईना.

प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांचा तोल गेला. छाती इतकी हलकी वाटत होती, की पाय कुठे रोवावेत ते कळेना. खुर्चीची पाठ धरून त्यांनी स्वतःला सावरले. मग त्यांनी फडताळावरून कागद काढले. प्रतिपक्ष समोर जखडून बसला होता. त्याला उठता येत नव्हते, उत्तर देता येत नव्हते, कानसुद्धा सोडवून घेता येत नव्हता. असा श्रोता प्राध्यापकांना जन्मात मिळाला नव्हता. ग्रंथपालांनी वर पाहिले आणि निमूटपणे डोळ्यांनी खूण केली: होऊ द्या, सर, सुरू करा.

प्राध्यापकांनी तोंड उघडले. तसेच मिटले. मग त्यांनी कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते खुर्ची ओढून, नाही, उचलून, ग्रंथपालांच्या शेजारी बसले.

जिन्यात धावपळ ऐकू आली. दार धाडकन उघडले आणि धापा टाकत बायको आत शिरली. तिच्या मागे खालच्या मजल्यावरचे डॉक्टर होते, एका हाताने पेटी आणि दुसऱ्याने सुटलेल्या शर्टाची बटणे सावरत.

"अहो! अहो, काय झालं तुम्हाला? तोंड बघू. हात वर करा. बोला ना काहीतरी! डॉक्टर, बघा ना, गप्प बसलेत हो!"

प्राध्यापकांनी ओठांवर बोट ठेवले. मग ते बायकोच्या कानाशी वाकले आणि आयुष्यात प्रथमच, छातीला धक्का न लावता, नुसत्या ओठांनी बोलले.

"हळू बोल. मी ठणठणीत आहे. फक्त, ग्रंथपालांचं बरोबर होतं. माझंच चुकलं."

बायकोने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर परतू लागलेला रंग पुन्हा उडाला. मागे न पाहता तिने चाचपडत डॉक्टरांची बाही धरली.

"डॉक्टर," ती कुजबुजली, "तपासाच."