नाझरकाकांचा दगड

नाझरकाका रोज सकाळी अंगणातल्या नळाशी दोन ब्रश घेऊन बसायचे. एक स्वतःच्या दातांसाठी, दुसरा दगडासाठी. दगडाचा ब्रश जास्त चांगला होता. लहान मुलांचा, मऊ, त्यावर हत्तीचं चित्र. "माझे दात आता राहिलेत किती," ते म्हणायचे. "याला टिकायचंय."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरी वरच्या खोलीत मी कॉलेजभर भाड्यानं राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गंगापूरकडून वडील मला जीपनं सोडायला आले, तेव्हा काकांनी त्यांना दारातच विचारलं, "ही तुमचीच मुलगी कशावरून? सबूत?"

वडील घाबरून पिशवीत रेशनकार्ड शोधायला लागले. आतून काकू म्हणाल्या, "दादा, त्यांच्याकडं लक्ष नका देऊ. दोघांची नाकंच सांगतात की. या, चहा घ्या."

काका कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते. कोर्ट सुटलं, कोर्टाची भाषा सुटली नाही. दूधवाला "म्हशीचंच हाय" म्हणाला की लगेच "सबूत?" भाजीत मीठ कमी पडलं की "तक्रार नोंदवून घ्या." मला यायला उशीर झाला तर दारात उभे, "गैरहजेरीचं कारण?" आणि मी खरंच कारण सांगत बसायचे.

घरातला सगळ्यात जुना दावा त्या दगडाचा. मुठीत जेमतेम मावेल एवढा, पिवळसर, टम्म फुगलेल्या पुरीसारखा. वर पाच पाकळ्यांचं फूल. दोघं कधीकाळी द्वारकेला गेले होते, तिथं समुद्राच्या कडेला तो काकूंना सापडला. काकांनी ओझं नको म्हणून पिशवीतून काढायचा आणि काकूंनी पुन्हा आत टाकायचा, असं पार स्टेशनापर्यंत चाललं. घरी आल्यावर काकूंनी त्याला देवघरात बसवलं. रोज कुंकू, सणावाराला दह्यादुधाचा अभिषेक.

"देव हाय तो," काकू म्हणायच्या.

"दगड आहे. देव असल्याचा सबूत?"

"मग फूल कुणी कोरलं? तुमच्या कोर्टानं?"

"ते तू सिद्ध करायचं. दावा तुझा आहे."

"लई झालं. भाकरी गार होतीय."

जिन्यात अभ्यास करत बसले की हे सगळं ऐकू यायचं. आमच्या घरी आईवडील इतकं निवांत कधी भांडले नाहीत. त्यांना तेवढा वेळच नसायचा.

मी दुसऱ्या वर्षाला असताना काकू गेल्या. आजार तसा छोटाच होता. त्यानंतर बरेच दिवस काका "सबूत" म्हणाले नाहीत. दूधवाल्याला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं की तो आपणहून म्हणायला लागला, "म्हशीचंच हाय साहेब. इचारा तरी."

मग एका सकाळी काका दगड घेऊन माझ्या दाराशी आले. "तू भूगर्भशास्त्र शिकतीस ना? याचा निकाल लाव. लई वर्षांची तुंबलेली केस आहे."

मी तो कॉलेजात आमच्या मॅडमना दाखवला. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं. तो जीवाश्म होता. लाखो वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका काटेरी प्राण्याचं कवच. काटे गळून गेले आणि कवचाचा दगड झाला. फूल कुणी कोरलेलं नव्हतं, ती त्याच्या अंगचीच नक्षी. पाकळ्यांच्या कडेनं बारीक भोकं असतात, त्यांतून तो श्वास घ्यायचा. "भोकं साफ झाली की नेमकी जात सांगता येईल," मॅडम म्हणाल्या. "मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस. लिंबू, चिंच अजिबात नको. चुनखडी आहे, विरघळेल." मग कडेवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "याला कुणी काही आंबट लावलंय का?"

"दही, मॅडम," मी म्हणाले. "अभिषेकाचं."

घरी येऊन हे सगळं सांगितलं तर काका खूश झाले. "दह्यानं देव झिजतो का? सिद्ध झालं."

"पण काका, तो नुसता दगडपण नाही," मी चाचरत म्हणाले. "तो जिवंत होता."

"ते नंतर बघू. आधी जात कळू दे. मग पक्का निकाल."

अशी ती दोन ब्रशांची सकाळ सुरू झाली. काकांनी खालच्या बाजूनं सुरुवात केली. चिकटलेली वाळू ते पाण्यानं भिजवायचे, काडीनं हळूच कोरायचे, पुन्हा ब्रश. कितीतरी दिवसांनी खाली मधोमध एक गोल भोक मोकळं झालं. ते त्या प्राण्याचं तोंड, असं मी सांगितलं. काका म्हणाले, "साक्षीदारानं तोंड उघडलं एकदाचं."

वरची बाजू मात्र पुढं ढकलली जाऊ लागली. आज थंडी आहे, आज पाणी कमी आलंय, आज ब्रश नीट नाय. माझं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, मॅडम विचारत होत्या. शेवटी एका सकाळी मीच दगड हातात घेतला आणि फुलाच्या पहिल्या पाकळीवर ओला ब्रश फिरवला.

पाणी लाल झालं.

सगळी बारीक भोकं कुंकवानं भरली होती. एवढ्या वर्षांचं कुंकू, थरावर थर दाबून बसलेलं, वरून मातीसारखं काळपट पडलेलं. काका नळाखालून वाहत जाणाऱ्या त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातून दगड काढून घेतला आणि सदऱ्याच्या टोकानं टिपला.

"काका, हे काढल्याशिवाय जात कळणार नाही," मी म्हणाले. "निकालच लागणार नाही."

"समोरची पार्टी गैरहजर आहे," काका म्हणाले. "एकतर्फी निकाल मी घेत नाय."

परीक्षा संपल्यावर खोली सोडताना मी पाया पडायला खाली गेले. दगड देवघरात होता. जी पाकळी मी धुतली होती, तिच्यात आता नवं कुंकू भरलेलं होतं, सवय नसलेल्या हातानं, जरा जास्तच, कडेला सांडलेलं. मी तिकडं बघतेय हे काकांच्या लक्षात आलं. त्यांच्या बोटाचं टोक लाल होतं, तो हात त्यांनी पाठीमागं नेला.

"देवबिव काय नाय," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत जैसे थे."