पहिल्या नंबरचं गटार

अंगणासमोरच्या तुंबलेल्या गटाराशेजारी गोरक्षनं खाट टाकली, वर उशी ठेवली, तेव्हा त्याच्या आईची, सरुबाईची, खात्रीच पटली की पोरगं हातचं गेलं.

“आरं, दोन वर्सं ह्या घाणीच्या नावानं बोंबलत व्हतास. आता तिच्याच उशाला निजायचं व्हय?”

“निजायचं न्हाई आये. राखण करायचीय.”

“घाणीची?”

“व्हय. मंगळवारपातूर.”

चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांसाठी गावात जिकडेतिकडे भाड्याच्या खोल्या उठल्या होत्या. खोल्या वाढल्या तसं सांडपाणी वाढलं, आणि ते वाहून न्यायला सरकारी खात्यानं जमिनीत पाइप टाकला. टाकला तो चढाकडं. पाणी चढ चढत नाही हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं, पण म्हशींना विचारायची खात्यात पद्धत नाही. पाण्यानं थोडं वर जाऊन पाहिलं आणि मागं फिरून गोरक्षच्या दारात मुक्काम ठोकला. गोरक्षनं अर्ज केले, हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं, काम पूर्ण झालेलं आहे.

एरवी त्यानं हेही गिळलं असतं. पण पोरीचं, तेजलचं, लग्न जमलं होतं आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी साखरपुडा होता. मुलाच्या आजीचा एकच हट्ट होता: मुलीच्या दारात मांडव पडला पाहिजे. तेजलनं तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण कामावर जाता-येता ती दाराकडं आणि मग गटाराकडं बघायची. ते बघणं गोरक्षला कंपनीतल्या सायबाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

शेवटी वाट दाखवली रोहिदासनं. पुढाऱ्यांच्या मागं फिरून फिरून हा गडी विधिमंडळाच्या जिन्यापर्यंत पोचलेला होता. त्यानं गोरक्षचा अर्ज तिथल्या एका समितीकडं धाडला आणि आता येत्या मंगळवारी समितीच गावात येणार होती.

“त्यांच्याकडं अर्जांचा ढीग असतोय राव,” रोहिदासनं समजावलं. “समदं कोण बघणार? मग ते उतरंड लावत्यात. किती लोकांना ताप, किती दिवसांचा, आन खात्यानं किती टोलवलं. त्यात आपलं गटार तिसरं आलंय. पण एक ध्यानात ठेव. समितीला ते जाग्यावर दिसलं पायजे. आली आन कोरडं निघालं, की ‘निकाली’ म्हणून शेरा मारत्यात. मग बस आणखी दोन वर्सं.”

गोरक्षनं कंपनीत रजा टाकली आणि खाट बाहेर काढली.

रोहिदासचं बोलणं खोटं नव्हतं. दोन वर्षं जी गाडी कुणाला दिसली नव्हती, ती मैला उपसायची गाडी शनिवारी सकाळी दारात हजर. पुढं खात्याचे इंजिनिअर सुरेंद्र साहेब, मागं फुलझाडांच्या कुंड्या घेतलेली माणसं.

“चला, तुमचा प्रश्न सोडवून टाकू,” साहेब म्हणाले.

“पाइप उकरणार?”

“आज उपसून घेऊ. वर फरशी टाकू, कुंड्या ठेवू. कार्य आहे ना तुमच्याकडं? शोभा येईल.”

“आन बुधवारी पुन्हा भरलं म्हंजी?”

“बुधवारचं बुधवारी बघू.”

“मग उपसायचंबी बुधवारीच या सायेब.” गोरक्ष खाटेसकट गटारावर सरकला. “मंगळवारपातूर हितला एक थेंब हलू द्यायचा न्हाई.”

साहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. “अहो, स्वच्छतेला विरोध करणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदाच बघतोय.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गोरक्षला घाण आवडते, असं लोक उघड म्हणू लागले. ज्यांच्या मोऱ्यांचं पाणी त्याच्या दारात साचत होतं, तेच नाकाला रुमाल लावून त्याला शहाणपण शिकवून गेले. सरुबाईनं फिनेलची बाटली आणली, ती त्यानं आईच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्याच दिवशी होणारे व्याही मांडवाची जागा बघायला आले, तेव्हा हा गटारावर बसून भाकरी खात होता. तेजल आत पळाली. गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो उठला नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं त्यानं स्वतःला बजावलं.

मंगळवारी समिती आली. अध्यक्ष गाडीतून उतरले, गटारात डोकावले आणि झटकन मागं सरले. गोरक्षनं चढाकडं टाकलेला पाइप दाखवला, गाडी कशी परत पाठवली ते सांगितलं. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“पुरावा जपणारा नागरिक असा असावा. हे प्रकरण तिसरं नाही, पहिल्या क्रमांकावर घ्या. मुळापासून चौकशी होईल.”

गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. रोहिदासनं टाळ्या वाजवल्या.

“आणि चौकशी पुरी होईपर्यंत,” अध्यक्ष सुरेंद्र साहेबांकडं वळले, “जागा जशी आहे तशी राहिली पाहिजे. पुराव्याला कोणी हात लावायचा नाही.”

“जशी आज्ञा,” साहेब म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

“पर सायेब, रविवारी माझ्या पोरीचा साखरपुडा हाय,” गोरक्ष पुढं झाला. “किती दिस लागत्याल?”

“अधिवेशन झालं की साक्षी, मग अहवाल, मग त्यावर खात्याचं उत्तर. पहिला नंबर आहे तुमचा, काळजी करू नका.” गाड्या निघूनही गेल्या.

सरकारी हुकमाची इतकी चटकन अंमलबजावणी गावानं कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी गटाराभोवती दोरी आली, ‘हात लावू नये’ अशी पाटी आली आणि खात्याचा पहारेकरीही आला. शुक्रवारी सरुबाई घमेलं-फावडं घेऊन उतरली, तर त्यानं हाळी दिली, “अहो दादा, आजींना आवरा. समितीचं गटार आहे.” आणि गोरक्षनं स्वतःच्या आईच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

साखरपुडा चाकणच्या मंगल कार्यालयात झाला. मुलाची आजी रुसून आलीच नाही. मुलीच्या बापाला दार नाही का, असं तिकडच्या एका बाईनं तेजलला ऐकू जाईल इतपत हळू विचारलं.

फेटा, नवा सदरा अशा अवतारात गोरक्ष घरी परतला, तर पहारेकरी त्याचीच वाट बघत उभा होता.

“दादा, मी जेवून येतो. तेवढं बसता का? तुम्हाला सवय आहे.”

गोरक्षनं फेटा काढून उशीवर ठेवला. तो खाटेवर टेकला. थोड्या वेळानं सरुबाई आतून आली. साखरपुड्याचा पेढा तिनं त्याच्या हातावर ठेवला.

“खा,” ती म्हणाली. “पयला नंबर आलाय न्हवं तुझा?”