रामटेकेभाऊंची पाठ

रामटेकेभाऊंची पाठ आमच्या गल्लीत कोणी पाहिली नव्हती. चंद्रपूरच्या जेलमध्ये शिपाई, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. कुठंही निघा, हे आपले मागं. "समोर चाला, बाई," एवढंच म्हणायचे.

जेलची रीतच ती: कैदी पुढं, शिपाई मागं. पण या माणसानं ती घरीही आणली. बाजारात बायको शांताबाई पुढं, हे खाकीत मागं; बघणाऱ्याला वाटावं, बाईनं काय चोरलं बुवा! पोरीच्या लग्नात नवरदेवालाही यांनी असंच मांडवात आणलं. व्याही रुसून बसले. वैताग नुसता.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. मी शाळेतून घरी चालले होते. जेलच्या फाटकाबाहेर एक गोंड म्हातारा गाठोडं घेऊन उभा. आलापल्लीकडचा. खुनाच्या आळावरून कित्येक वर्षं निकालाविना कच्चा कैदी होता, आज निर्दोष सुटला. न्यायला कोणी आलं नव्हतं. बंद गाडीतून आणलेला, त्याला चंद्रपूरचे रस्तेही ठाऊक नाहीत. शेवटची बस निघायला आलेली. भाऊंची ड्यूटी संपली होती, त्यांनी त्याला बस स्टँडवर पोचवायचं ठरवलं. सवयीनं म्हणाले, "समोर चाला, मामा."

म्हातारा निघाला, मान खाली घालून. मागं खाकी पाहून लोक बाजूला सरकायला लागले. एका दुकानदारानं विचारलं, "काय केलं जी यानं?"

म्हाताऱ्याला वाटलं, आपल्यालाच दरडावलं. जेलात गिनतीला बसतात तसा तो भर रस्त्यात उकिडवा बसला. मला तर तिथंच रडू आलं.

 भाऊ हळूच म्हणाले, "उठा मामा. सुटले तुमी. आता मी समोर चालतो."

आणि खरंच पुढं झाले. तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. कॉलरच्या वर, मानेवर, बोटाएवढा जुना वण होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका कैद्यानं मागून थाळीची कड मारली होती, मरता मरता वाचले, हे शांताबाईंनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं, की भाऊंनी एक हात मानेवर ठेवलाय.

मी मागोमाग गेले; चौकापर्यंत हात तिथंच होता. बस स्टँड दिसलं तसा त्यांनी तो काढला आणि वळून न बघता गाठोड्यासाठी मागं केला.

म्हाताऱ्यानं गाठोडं त्या हातात दिलं.