गाऱ्हाण्याचा पहिला कागद

धनेशच्या नव्या होडीचं गाऱ्हाणं त्याच्या बायकोने, विनीताने लिहायचं ठरलं, कारण भाईंचा आवाज गेला होता. भाई म्हणजे धनेशचे काका. वाडीत विहीर खणली, दुकान उघडलं किंवा कुणी मोटारसायकल घेतली की हातात नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते एकेक मागणं मांडत आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारत. पण आदल्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यात पंचाला समज देता देता भाईंचा घसा असा बसला की सकाळचा चहासुद्धा त्यांनी खुणेने मागितला.

"तूच लिव," धनेश विनीताला म्हणाला. "मी वाचतंय. तुझो तो कोर्स झालो मा?"

विनीता जामसंड्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कथेची रचना या विषयावरचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तिने नुकताच पुरा केला होता. कथेलाही सांगाडा असतो आणि तो सुटा करून मांडता येतो हे कळल्यावर तिला पहिल्या बेडकाच्या विच्छेदनाइतका आनंद झाला होता. आधी स्थिती, मग उणीव, मग चढत जाणारी संकटं, मग मदत, मग शेवट. तेव्हापासून घरात कुणाला साधं बोलायची सोय राहिली नव्हती. सासूबाई, म्हणजे सावित्रीबाई, बाजारातून येऊन म्हणाल्या, "आज बांगडो गावलो नाय," तर विनीताने लगेच विचारलं, "आई, ही झाली उणीव. अडथळो खंय आसा?"

"अडथळो तूच," सावित्रीबाई म्हणाल्या. "दारात उभी आसस. पिशी आत न्हेऊक दी."

भाईंच्या एका जुन्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग विनीताच्या फोनमध्ये होतं. तिने ते तीनदा ऐकून टिपण काढलं. एकूण अकरा मिनिटं. एकच मागणं तीनदा. "काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा" हे वाक्य तर सात वेळा. त्या सातही जागी तिने लाल शाईने लिहिलं, 'घटना पुढे सरकत नाही,' आणि वाक्य काढून टाकलं.

मग तिने नवं गाऱ्हाणं लिहिलं, बरोबर दोन कागद. पहिल्यावर स्थिती, उणीव आणि तीन संकटं, लहानापासून मोठ्यापर्यंत. दुसऱ्यावर मदत आणि शेवट. संकटच नसेल तर शेवटाला वजन येत नाही, हे सहाव्या आठवड्यात शिकवलं होतं.

गाऱ्हाणं नीट व्हायला हवं होतं. धनेशने मुंबईची नोकरी सोडून पर्यटकांना समुद्रात फिरवायला ही होडी घेतली होती, आणि पहिले पाहुणे आज सकाळी अकराला येणार होते. भरती दहा चाळीसला पूर्ण होणार. त्यानंतर पाणी मागे सरलं की जड होडी रात्रीपर्यंत वाळूतच बसणार, आणि पहिलेच पाहुणे किनाऱ्यावरून परत गेले तर ती बातमी होडीच्या आधी सगळीकडे पोचणार. धनेश यातलं काही बोलला नव्हता. पण दाढी केली आहे का ते सकाळपासून त्याने चार वेळा हाताने तपासलं होतं, त्यावरून विनीताला सगळं कळलं.

दहा वाजता चाळीसेक माणसं होडीभोवती जमली. भाई गळ्याला मफलर गुंडाळून पुढे उभे राहिले. धनेशने कागद उघडला आणि भाईंच्याच चालीवर सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान मुंबय सोडल्यान, आणि ही होडी घेतल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पण पयल्याच दिवशी हेचा इंजिन बंद पडतला रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्याचे शब्द सहसा कुणी ऐकत नाही. शेवटच्या हेलाला उत्तर द्यायचं असतं. धनेशने मात्र दचकून बायकोकडे पाहिलं. वर्गात अडखळणाऱ्या मुलाला द्यावा तसा तिने मानेनेच धीर दिला.

"पावणे वाट चुकतले रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो समुद्र हेका पाठ दाखवतलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळीस गळे एकदम म्हणाले. हे सगळ्यांत जोरात झालं.

"थांबा," सावित्रीबाई म्हणाल्या. "आमी आता कशाक व्हय म्हटला?"

मग शेजारच्या यशोदाकाकूंनी हळूच उजळणी केली. "इंजिन बंद. पावणे चुकले. समुद्रान पाठ दाखवल्यान. वैऱ्यान घातला असता तरी ह्येच्यापेक्षा बरा घातल्यान असता गो."

"काकी, दुसऱ्या कागदावर सगळा बरा व्हता," विनीता म्हणाली. "धनेश, वाच फुडे."

धनेशने कागद उलटला. मागे नववीच्या चाचणीचे प्रश्न होते. दुसरा कागद नव्हताच. त्याने खिसे पाहिले, तिने पर्स पाहिली, दोघांनी होडीखाली वाकून पाहिलं. देवाला संकटं सांगून झाली होती, चाळीस जणांच्या संमतीने, आणि सुटका गहाळ होती.

"कायएक व्हणा नाय," धनेश उसनं हसत म्हणाला. "इंजिन बगा, एका झटक्यात चालू व्हता." त्याने दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली. आता खोकलंही नाही.

"एक झाला," यशोदाकाकू म्हणाल्या.

विनीता होडीत चढली. गडबडीत इंधनाचा कॉक बंदच राहिला होता. तिने तो उघडला, सगळ्यांना दाखवला, आणि शिकवताना बोलायची तसं प्रमाण मराठीत सांगितलं, "कारण मिळालेलं आहे. यात दैवी काही नाही." तेवढ्यात धनेशचा फोन वाजला. नांदगाव स्टेशनवर उतरलेले पाहुणे विचारत होते की आम्ही एका ओढ्यावर म्हशींसमोर उभे आहोत, तर समुद्र कुठल्या बाजूला?

"दोन," यशोदाकाकू म्हणाल्या. आता सगळे पाण्याकडे पाहू लागले.

दहा अठ्ठेचाळीस झाले होते. ओल्या वाळूची एक बारीक रेघ उघडी पडली.

"गेलो बगा मागे. दाखवल्यान पाठ."

"ती ओहोटी आहे, काकी. रोज दोनदा होते."

"रोज व्हता. पण आज तू लिवलंस."

होडी ढकलायला खांदे लावलेली माणसं बाजूला झाली. अर्धवट गाऱ्हाण्याच्या होडीला हात लावायला कुणी तयार होईना. "मी शेवट तोंडान सांगतंय," विनीता म्हणाली, "तुमी निस्ता व्हय म्हणा." पण आता कुणी न तपासता व्हय म्हणणार नव्हतं. तिने पहिलं वाक्य सांगितलं, "मगे एक मदतनीस येतलो."

"कोण तो? नाव घाल. नायतर भलतोच कोणतरी येतलो."

"फुकट येतलो काय तो?"

"'मगे' नको. 'आत्ताच' म्हण. 'मगे' म्हणजे दिवाळीक पण येयत."

बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात कुणी तिला इतके नेमके प्रश्न विचारले नव्हते. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने ते उतरवून घेतले असते. पण रेघ आता हातभर रुंद झाली होती, आणि धनेश होडीच्या कडेवर तळवा ठेवून उभा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. विनीताला पहिल्यांदाच आपल्या लाल शाईची लाज वाटली.

ती भाईंसमोर गेली. "भाई, माझा चुकला. तुमीच घाला."

भाईंनी मफलर सोडला. नारळ दोन्ही हातांत घेतला, समुद्राकडे तोंड केलं, आणि ओठ हलवले. आवाज शून्य. वाऱ्यात एक अक्षरही उमटलं नाही. पण तीस वर्षं तेच वाक्य ऐकलेल्या माणसांना ऐकू यायची गरज नव्हती. ओठ कुठे मिटतात आणि मान कुठे झुकते यावरून सगळ्यांना कळलं. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा."

भाईंनी ते सात वेळा म्हटलं. विनीता मोजत होती. निरोप पोचायची खात्री नसेल तर तो पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, हे ती दरवर्षी दहावीला शिकवते. चौथ्या वेळेपासून तीही मोठ्याने व्हय म्हणू लागली. सातव्याला नारळ फुटला आणि चाळीस खांदे होडीला भिडले. होडी वाळूत करकरली, अडली, कुणीतरी शिवी हासडली, आणि पुढच्या लाटेने तिला अलगद उचललं. धनेशने दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडलं. विनीताने कॉकबद्दल एक शब्दही काढला नाही.

पाहुणे साडेअकराला आले. वाट चुकल्याबद्दल त्यांनीच धनेशची माफी मागितली. म्हशींचे फोटो त्यांना फार आवडले होते.

होडी दूर गेल्यावर सावित्रीबाईंनी सुनेच्या हातात प्रसादाची पुडी ठेवली. खोबरं आणि गूळ. पुडीच्या तेलकट कागदावर विनीताचं अक्षर होतं: 'आणि शेवटी सगळा बरा झाला रे म्हाराजा.'

"आई, ह्यो माझो दुसरो कागद."

"टेबलार पडलेलो. माका वाटला, कच्चो आसा," सावित्रीबाई म्हणाल्या. "खोबऱ्याक बरो झालो पण."

चार दिवसांनी शाळेतून येताना विनीताला वाटेत खालच्या वाडीतला सुशांत भेटला. इकडेतिकडे पाहून तो जवळ आला.

"बाईनू, एका होडीचा गाऱ्हाणा लिवन व्हया होता."

"तू होडी घेतलंस?" तिने आनंदाने विचारलं. आता भाईंची सातही वाक्यं ती जागच्या जागी ठेवणार होती.

"मी नाय. माझ्या मेवण्यान घेतल्यान," सुशांत म्हणाला. "जास्त त्रास घेव नकात. पयलोच कागद दिलात तरी पुरे."