आइस्क्रीमचे दोन डबे

नेव्हिल पर्डीने बनवलेलं सतरावं आमिषही पॉसमांनी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मांजराएवढ्या केसाळ प्राण्यांनी, हुंगलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

पद्धत सोपी होती: आधी विश्वास, मग विष. तीन दिवस साधी बिस्किटं घालायची, जनावराची भीड चेपली की चौथ्या दिवशी तीच बिस्किटं विष घालून द्यायची. पण इथे पहिल्याच पायरीवर गाडी अडली होती. अख्खी जंगलं ओरबाडणारे, पक्ष्यांची अंडी फस्त करणारे हे चोर पिंजऱ्यात बसून पाहुण्यासारखे नखरे करत होते.

"शुक्रवारच्या चहापर्यंत खाल्लं नाही, तर प्रयोग बंद," संशोधन केंद्राची संचालिका मोआना म्हणाली. "आणि तुझी बदली मेंढ्यांच्या शेणाच्या विभागात."

नेव्हिलची झोप उडाली. नोकरीची वीस वर्षं आणि शेवटी शेण!

त्यात त्या शुक्रवारी चहाला खाऊ नेण्याची पाळी त्याचीच. बायकोने, रेलीनने, आल्याची बिस्किटं भाजून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरली. नेव्हिलचं आमिषही तसल्याच डब्यात होतं. नेव्हिलच्या देशात आइस्क्रीमचा डबा कधी कुणी टाकून देत नाही, आणि त्यात आइस्क्रीम सोडून काहीही निघू शकतं.

सकाळी पिंजऱ्यांत बिस्किटं पडली आणि चमत्कार झाला. बाराही पॉसम तुटून पडले. नेव्हिल धावतच चहाच्या खोलीत शिरला.

"मोआना! खाल्लं! चुरासुद्धा चाटून—"

मोआनाच्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट होतं. गोल, दालचिनीच्या वासाचं, नंबर सतरा. नेव्हिल ओरडला,

"टाक ते! ते आमिष आहे!"

खोलीत पेले आपटले. कुणीतरी खिडकीकडे धावलं.

"विष?" मोआना पांढरीफटक पडली.

"नाही, नाही, साधंच. पीठ, दालचिनी आणि थोडं मेण."

मोआना मटकन बसली. "मला वाटलं, रेलीनची नेहमीचीच आहेत. जरा कडक, पण तोंडदेखलं खावंच लागतं ना."

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तिकडे त्यांनी रेलीनची खाल्ली? नेव्हिल, कृती आण तिची! शनिवार-रविवार हीच घाल. सोमवारी यातच विष."

नोकरी वाचली होती, पण नेव्हिलला घरी जावंसं वाटेना. वीस वर्षं रेलीनचा डबा अर्धा भरलेलाच परत यायचा, आणि ती काही न बोलता उरलेलं कोंबड्यांना घालायची.

आज तिने डबा उघडला. आत कणही नव्हता.

"सगळी संपली?"

"सगळी," नेव्हिल जमिनीकडे बघत म्हणाला. "कृतीसुद्धा मागितलीये."

रेलीनचे डोळे भरून आले. तिने लगेच चष्मा लावून सुवाच्य अक्षरात कृती लिहायला घेतली. आता हिला खरं सांगायचं कसं?

"अरे, पण सगळ्यात जास्त कुणाला आवडली?"

"बाराव्याला," तो बोलून गेला. "कोपऱ्यात बसतो तो. चार खाल्ली त्याने."

"बिचारा! घरी कुणी करून घालत नसेल," रेलीन डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी त्याच्यासाठी चार जास्त ने हं."