आत कोण बसलंय?

संगणकावरच्या लिनक्समधलं मला सगळं कळतं. म्हणजे कळायचं! मित्रोवदानच्या सकाळपर्यंत तरी कळत होतं.

नवशिक्यांच्या एका ऑनलाइन मंचावर मी रोज फुकट ज्ञानदान करतो. 'डिस्क लावली, पण दिसत का नाही?' असं कुणी विचारलं की माझे हात शिवशिवायला लागतात. 'अरे बाबा, नुसती लावून चालत नाही, बसवावी लागते! एक रिकामा फोल्डर घे, त्याच्यावर डिस्क बसव, मग त्याच फोल्डरातून आत शीर!' त्या दिवशी सकाळी 'बटाटा' अशा टोपणनावाच्या कुणीतरी विचारलं होतं, 'फोल्डर रिकामा नसेल तर त्यात आधी होतं ते कुठे जातं?' मी ठणकावून लिहिलं, 'आधी वाचायला शिका, मग विचारा!' खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, पण तसं लिहून कुणी तज्ज्ञ होतं का?

तर मित्रोवदान. आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, म्हणजे आमची स्लावा. 'आमची' म्हणजे सासऱ्यांची. मी घरजावई आहे, आणि नीश शहरात घरजावयाला काय मान असतो ते मी सांगायला नको. तो मान थोडा वाढावा म्हणून मी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून बसलो होतो, "यंदा स्लावेला सगळ्यांना आईंची फिल्म दाखवणार!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, देसांका. दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची बोलती-चालती अशी एकच फिल्म होती. त्यांच्या शेवटच्या स्लावेला मीच घेतलेली. ती मी कॅमेऱ्यातून डिस्कवर उतरवली होती आणि मग कॅमेऱ्यातली पुसून टाकली होती, कारण पसारा मला चालत नाही! त्यांची धाकटी बहीण, रुझित्सा मावशी, नोवी सादहून फक्त ती फिल्म बघायला बसमधून हाडं खिळखिळी करून घेत आली होती.

सकाळी मी डिस्क लॅपटॉपला लावली. दिसेना. ती आपोआप बसण्याची सोय मी मुद्दाम बंद करून ठेवली होती. आपोआप बसली तर माझं काय काम?

सासरे ल्यूबिंको माझ्या खांद्यावरून बघत होते. "काय झालं?"

"काही नाही बाबा. बसवायची राहिलीय. बसवल्याशिवाय त्यात आई दिसणार नाहीत."

"राहिलीय? आज? पाहुणे यायच्या वेळेला?"

"दोन मिनिटांचं काम आहे. आधी पाव घेऊन येतो."

आणि मी स्लावेचा पाव आणायला बेकरीत गेलो. इथे माझं चुकलं. आमच्याकडे लिनक्सवाले 'मोंतिराती' म्हणतात, म्हणजे बसवणे. पण फिटर लोकही मोंतिरातीच म्हणतात, आणि ते फार आधीपासून म्हणतायत. सासऱ्यांनी उभी हयात रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून घालवली होती!

पाव घेऊन परतलो तर जिन्यातच ड्रिलचा आवाज. स्लावेच्या दिवशी! कॅलेंडरात लाल अक्षराने छापलेला सण, सुईतसुद्धा दोरा ओवत नाहीत! खालची बाई दारात उभी राहून छातीवर क्रूसाची खूण करत होती. "तुमच्याकडे कुणाचं डोकं फिरलंय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वरच्या मजल्यावरचे असतील." मग आठवलं, वरचा मजला आमचाच.

आत गेलो. सासरे शिडीवर, तोंडात स्क्रू. भिंतीवर, संताच्या तसबिरीच्या अगदी शेजारी, पत्र्याच्या पट्ट्यांत घट्ट आवळलेली माझी डिस्क!

"बाबा!!!"

"बसवली," ते स्क्रू बाजूला काढत म्हणाले. "पाणसळ लावून बसवलीय. भूकंप झाला तरी हलायची नाही."

"पण तिथे? तसबिरीजवळ?"

"देसांका आहे ना त्यात? मग काय चपलांच्या कपाटावर ठेवू? लाल अक्षराच्या दिवशी काम केलं म्हणून संताची माफी मागून घेतलीय. तुझी तेवढी राहिलीय."

माझी बायको तियाना स्वयंपाकघराच्या दारात, सार्मांचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं हातात धरून हसू दाबत होती. मला मात्र हसायला वेळ नव्हता, पाहुणे जिना चढत होते.

डिस्कची वायर वीतभर. लॅपटॉप तिथपर्यंत न्यायचा तर एकच जागा, तसबिरीखालचं उंच कपाट. त्यावर मेणबत्ती, गव्हाचा प्रसाद आणि पाव. मी सगळं सरकवलं, लॅपटॉप मधोमध ठेवला आणि स्टुलावर उभा राहिलो. दहा-बारा पाहुणे राकियाचे, आमच्या फळांच्या दारूचे, पेले घेऊन खाली मांडी ठोकून बसले. मावशी सगळ्यांत पुढे, चष्मा पुसून तयार.

"हं, जावईबापू, दाखवा आमच्या ताईला!"

मी 'डिस्क' नावाच्या फोल्डरवर डिस्क बसवली. खरीखुरी, लिनक्सवाली. ऐटीत फोल्डरात शिरलो.

रिकामा!

पुन्हा बघितलं. रिकामा! नवं घर घेतल्यावर असतं तसं!

"का रे थांबलास?" मावशी.

"येतंय... जरा..."

"दिसत नाही का काही?" सासरे. ते ट्रे घेऊन उभे होते. स्लावेला घरच्या माणसाने बसायचं नसतं, दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढायचं असतं. "मी बसवताना काही बिघडलं का?"

त्यांचा आवाज ऐकून मला कपाटात लपावंसं वाटलं. बायको गेली, आता तिचा आवाजही आपल्याच ड्रिलने गेला, असं त्या माणसाला वाटत होतं!

"थांबा जरा," तियाना पुढे आली. "नेगोवान, फिल्म डिस्कवर कधी उतरवलीस?"

"मागच्या महिन्यात. तू शाळेच्या सहलीला गेली होतीस तेव्हा."

"डिस्क तर माझ्या पर्समध्ये होती! मुलांचे फोटो न्यायला मीच घेऊन गेले होते, शाळेत देऊन झाल्यावर पुसूनही टाकले!"

"अशक्य! मी स्वतः 'डिस्क' फोल्डरात..."

आणि मला बटाटा आठवला.

डिस्क नव्हती, पण 'डिस्क' नावाचा फोल्डर होता. फिल्म त्या फोल्डरात पडली होती, लॅपटॉपच्याच पोटात. आणि आज मी त्याच फोल्डरावर रिकामी डिस्क आणून बसवली! टेबलावरच्या किल्ल्यांवर चादर अंथरायची आणि मग घरभर किल्ल्या शोधत फिरायचं, तसं झालं होतं.

"खाली आहे! आई खाली आहेत!" मी ओरडलो.

मावशीने दचकून जमिनीकडे बघितलं.

मी घाईघाईने डिस्क उतरवायची आज्ञा दिली. उतरेना! पडद्यावर उत्तर, 'जागा वापरात आहे.' म्हणजे कुणीतरी आत बसलंय! "कोण बसलंय?" मी किंचाळलो. "आत कोण बसलंय? उठा आधी!"

सगळे पाहुणे पेल्यांसकट ताडकन उठले. एकाचा पेला लवंडला. मावशीही गुडघे धरत उठली. "स्लावेला बोलावतात आणि बसू देत नाहीत," ती पुटपुटली. "ही घरजावयाची पद्धत!"

"मी सकाळपासून उभाच आहे!" सासरे.

"तुम्ही नाही हो! या डिस्कमध्ये कुणीतरी..."

तियानाने स्टुलाशी येऊन टाचा उंचावल्या आणि पडद्याच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय? तू आत्ता कुठे आहेस?"

"स्टुलावर!"

"लॅपटॉपमध्ये रे!"

वाचलं. 'डिस्क'. मघाशी ऐटीत शिरलो होतो तो बाहेर आलोच नव्हतो. आत मीच बसलो होतो!

मुकाट्याने बाहेर आलो. डिस्क उतरली. फोल्डर उघडला आणि फिल्म तिथेच होती. एक कळ दाबली आणि सासूबाई पडद्यावर आल्या, हातात सार्मांचं ताट, गाल लालबुंद. मावशीने तोंडावर रुमाल धरला. सासरे पुढे सरकले, ट्रे विसरून.

देसांकाबाईंनी थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"नेगोवान! तू का बसलायस रे? आज घरच्यांनी बसायचं नसतं! ऊठ!"

आधी सासरे हसले. इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला ट्रे माझ्या हातात द्यावा लागला. "बघ," ते मावशीला म्हणाले, "घरच्यांनी म्हणाली! घरचा म्हणाली त्याला!" मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. फिल्म पुन्हा लावली, मग आणखी एकदा, आणि मावशीची शेवटची बस चुकली.

पाहुणे पांगल्यावर मी मंचावर गेलो आणि निमूटपणे लिहिलं, 'बटाटा, आधी होतं ते खालीच असतं. कुठे जात नाही. माफ कर.'

त्याचा लगेच प्रश्न आला, 'धन्यवाद! आणि एकदा बसवलेली डिस्क काढायची कशी?'

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. सासऱ्यांनी स्क्रूंवरून सिमेंट भरलंय.