बिल बॅगेत, बॅग कुलपात

तीन वाजता बढतीची मुलाखत, आणि बाईंची सगळी प्रमाणपत्रं कालच घेतलेल्या नव्या कोऱ्या बॅगेत अडकलेली. आकडे बरोबर जुळवूनही कुलूप ढिम्म हलेना. एक वाजता बाई तरातरा दुकानात शिरल्या. मागून बॅग छातीशी धरून नवरोबा.

“ही उघडून द्या आणि परत घ्या.”

दुकानदाराने मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

“ती पाटी राहू द्या! माल खराब निघाला तर परत घ्यावाच लागतो. कायदा आहे तसा.”

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तसा दुकानदार नरमला. “बरं, बिल?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बॅग त्यानेच आणली होती, आणि माणूस भारी टापटिपीचा.

“हरवू नये म्हणून...” तो पुटपुटला, “बॅगेतच ठेवलंय.”

“मग उघडा बॅग.”

“अहो, उघडत नाही म्हणून तर आणलीय!” बाई कडाडल्या.

“आमचं कुलूप बिघडतच नाही. तुम्हाला जमत नसेल.”

“मग तुम्ही उघडा की!”

दुकानदाराने बाह्या सरसावल्या. आकडे फिरवले, बॅग हलवली, गुडघ्यात धरून दाबली. दोन वाजले. लोक हसायला लागले तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. त्याने स्क्रूड्रायव्हर घातला आणि कडाड्कन कुलूप उखडलं.

प्रमाणपत्रांची फाइल सुखरूप होती! बाईंचा जीव भांड्यात पडला. दुकानदाराने बिल वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अहो, हे समोरच्या दुकानाचं बिल! बॅग आमची नाहीच!”

“दोन्हीकडे अगदी सारख्याच बॅगा टांगल्यात गं,” नवरोबा चाचरत म्हणाला आणि बॅगांच्या ढिगाआड सरकला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग त्यांचं लक्ष दुकानदाराच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेलं.

“म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातली बॅग तुम्ही फोडलीत?”

“बाईंचं बरोबर आहे हं!” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

दुकानदाराने स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवला. मग गुपचूप नवी बॅग काढून, कुलूप तीनदा उघडून दाखवून, ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी फुटकी बॅग आणि बिल त्याच्यापुढे ठेवलं.

“ही घेऊन समोर जा. आता गिऱ्हाईक तुम्ही.”

तीनला बाई मुलाखतीला बसल्या आणि संध्याकाळी बढती घेऊनच घरी आल्या.